जुन्या कॅमेऱ्याला चालणारं कार्ड

मावशी, तुझा फोटो सापडत नाहीये.

सकाळी मंगेशदादाचा फोन आला होता. परवा त्याने पुण्याहून लावून दिलेल्या व्हिडिओवर आम्ही तुला निरोप दिला, इथे मेलबर्नजवळ वेरिबीत, फोन ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही, कारण त्यात तू कुठेच नव्हतीस. दादाचा आजचा फोन वेगळ्याच कामासाठी होता. तेराव्याला मांडायला आणि पुढे भिंतीवर लावायला फोटो हवाय, आणि तुझ्या पोटच्या मुलाकडे तुझा एक धड फोटो नाही. "मीनू, अगं सगळे फोटो आईनेच काढलेत. ती आहेच कुठे त्यात? एक फक्त आधार कार्डावरचा आहे." त्यावर आम्ही दोघंही हसत सुटलो. तो फोटो भिंतीवर लावला तर तू येऊन स्वतःच्या हाताने उतरवशील, हे त्यालाही माहीत होतं. हसता हसता त्याचा आवाज बदलला. म्हणाला, "तुझ्याकडे होती ना इतके महिने? बघ ना जरा."

बघतेच आहे. फोन चाळून चाळून बोट दुखलं. रिया आहे, रियाची चित्रं आहेत, लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनी केले तसे माझे फसलेले पाव आहेत. तू तीन ठिकाणी आहेस. एकात मास्क लावून, एकात पाठमोरी, कपडे वाळत घालताना, आणि एकात 'माझा नको काढू गं' म्हणून पुढे केलेला तुझा तळहात. तळहात अगदी स्वच्छ आलाय, रेषा न् रेषा दिसते. पण तळहाताला हार कसा घालायचा?

म्हणजे जाता जातासुद्धा तू मला कॅमेऱ्यावरून भांडायला लावलंसच.

तू आलीस ती तीन महिन्यांसाठी, "तुझ्या रियाला मराठी शिकवायला आणि तुला दोन घास सुखाचे घालायला." मेलबर्नच्या विमानतळावर कस्टम्सच्या बाईसमोर मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ, सगळ्या पुड्या उघडून तिला वास घ्यायला लावलास आणि बाहेर येऊन मला म्हणालीस, "गुणी आहे मुलगी. भाजणी कशाची करतात विचारत होती." आणि गळ्यात ती पिशवी, जुन्या इरकलीच्या काठाची शिवलेली. आत तुझा चंदेरी डिजिटल कॅमेरा, पंजात मावेल एवढा आणि साबणाच्या वडीइतका जाड. त्याला पेन्सिल सेल लागायचे. फोटो काढून झाला की तू सेल बाहेर काढून रुमालात गुंडाळायचीस, आत राहिले तर पाझरतात म्हणून. त्यामुळे तुझ्यासमोर उभं राहणाऱ्याला आधी उभं राहावं लागायचं, मग तू सेल घालणार, मग झाकण लावणार, मग ती लेन्स घरघरत बाहेर येणार. आपल्या घराण्यातल्या सगळ्या फोटोंत सगळ्यांचे चेहरे वैतागलेले आहेत, ते आपण वैतागलेली माणसं आहोत म्हणून नव्हे.

मग सीमा बंद झाल्या. तुझं परतीचं विमान रद्द झालं, हे तुला कोण सांगणार यावरून माझी आणि निखिलची बेडरूममध्ये कुजबुज चालली होती. शेवटी बिचारा निखिल गेला. "मावशी, तुम्हाला आता काही महिने तरी इथेच राहावं लागेल असं दिसतंय." तू कणीक मळत होतीस. "बरं," म्हणालीस, "मग मी मागे मेथी पेरते."

मेथी उगवली त्याच सुमारास तुझं कार्ड भरलं. कॅमेऱ्याच्या आतलं, ज्यावर फोटो साठतात ते, पोस्टाच्या तिकिटाएवढं. निखिल म्हणाला, अगदी सोपं आहे, फोटो सगळे लॅपटॉपवर घेतो आणि कार्ड रिकामं करून देतो. तू कॅमेरा दोन्ही हातांनी छातीशी धरलास.

त्या कार्डावर आई होती. माझी आई, तुझी धाकटी बहीण. तुमची दोघींची केरळची सहल. आई शहाळं पिताना, आई होडीत तोंड उघडं टाकून झोपलेली, आई भर उन्हात तुझ्यावर चिडून उभी, कारण तू सेल घालत होतीस. त्याच्या पुढच्याच वर्षी आई गेली. तेव्हापासून त्या कार्डावर जी काही जागा उरली होती तेवढ्यात तू जपून जपून फोटो काढत होतीस, एखाद्या बारशाचा एक, मंगेशदादाच्या नव्या घराचा एक. आमच्याकडे आल्यावर तुझा हात जरा सैल सुटला आणि उरलेली जागा संपली.

"अगं, लॅपटॉपवर जसेच्या तसे राहतात," मी म्हटलं.

"राहू देत की. मी कुठे नको म्हणतेय?"

"मग इथले काढू या ना. दोन्ही सारखेच."

"सारखेच आहेत ना? मग इथले राहू देत."

हा आपला वाद कधीच मिटला नाही. मी अजूनही म्हणते की फोटो तो फोटो, कुठेही असो. पण तू संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर रुमालातून सेल काढायचीस, कॅमेरा सुरू करायचीस आणि त्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर तुझ्या बहिणीला शहाळं पिताना बघायचीस, तेव्हा लॅपटॉप उघडून त्यात कुठलं फोल्डर शोध, हे तुला सांगायची माझी हिंमत झाली नाही.

तर नवं कार्ड घ्यायचं ठरलं. दुकानं बंद, त्यामुळे ऑनलाइन. निखिलने चौसष्ट जीबीचं मागवलं, "म्हणजे मावशींना आता जन्माची काळजी नको." आयटीतला माणूस, त्याच्या शब्दाला घरात वजन. पार्सल रमतगमत आलं. कार्ड खाचेत टक्क करून बसलं, आपण चौघांनी माना पुढे केल्या आणि पडद्यावर आलं, कार्ड एरर. काढलं, पदराने पुसलं, पुन्हा घातलं. एरर. निखिल म्हणाला फार मोठं झालं बहुतेक, बत्तीसचं आणू. बत्तीसचं आलं, तेही टक्क करून बसलं, तेही एरर. रियाने दोन्ही कार्डं शेजारी ठेवून निरखली आणि निकाल दिला, "दे फिट, आजी. दे जस्ट डोन्ट वर्क."

तू म्हणालीस, "कुकरच्या रिंगेसारखं आहे हे. दुकानात टांगलेल्या सगळ्या एकसारख्या दिसतात. घरी आणून लावली की कळतं, वाफ बाजूने जातेय."

मग एकदाचं निखिलने कॅमेऱ्याचं माहितीपत्रक नेटवर शोधून वाचलं, जे त्याने आधीच करायला हवं होतं असं मी म्हणणार होते, पण तू डोळ्यांनी मला गप्प केलंस. भानगड अशी होती की तुझा कॅमेरा निघाला तेव्हा त्या प्रकारची कार्डं जेमतेम दोन जीबीपर्यंतच असायची. त्यानंतरची कार्डं मापाला तंतोतंत तशीच, पण आत माहिती ठेवायची रीत वेगळी, आणि तुझ्या कॅमेऱ्याला ती रीत ठाऊकच नाही. नव्या कार्डांवर नावापुढे एचसी किंवा एक्ससी अशी अक्षरं असतात. ती दिसली की समजायचं, हे आपलं नाही. चारचं असो की चौसष्टचं.

"म्हणजे मोठं नकोच होतं," तू म्हणालीस. "जुनं हवं होतं."

दोन जीबीचं साधं कार्ड निखिलने कुठल्या तरी कोपऱ्यातल्या विक्रेत्याकडे शोधून काढलं. या वेळी पाकीट तूच फोडलंस. आत एक चिठ्ठी, मी मोठ्याने वाचली. त्या भल्या माणसाने लिहिलं होतं की दोन जीबीची कार्डं संपली आहेत, पण काळजी नसावी, तेवढ्याच पैशांत तुम्हाला आठ जीबीचं पाठवत आहोत. निखिलने कपाळाला हात लावला. मला हसू आवरेना. तू मात्र गंभीरपणे म्हणालीस, "त्याला थँक्यू लिही हं. त्याने जीव लावून दिलंय." ती तिन्ही कार्डं पुढे रियाच्या बाहुल्यांच्या घरात टीव्ही म्हणून लागली, प्रत्येक खोलीत एक.

इथे रोझा येते. आमच्या समोरच्या घरातली, इटलीहून लहानपणी आलेली. तिचा नवरा अँजेलो जन्मभर इथे वेरिबीच्या दक्षिणेला शेतात फ्लॉवर लावायचा. तो गेला, शेत गेलं, पण सवय राहिली, म्हणून रोझाच्या घरापुढे हिरवळ नाही, फ्लॉवरचे वाफे आहेत. पहिल्या लॉकडाऊनमध्ये एका सकाळी आमच्या लेटरबॉक्सवर एक फ्लॉवर बसलेला होता, ताज्या पानांसकट. तू त्याची भजी केलीस, स्टीलच्या डब्यात भरलीस आणि तिच्या गेटवर ठेवून आलीस. दुसऱ्या दिवशी डबा परत आला. घासून, पुसून, चकचकीत आणि रिकामा.

तुझा चेहरा मला अजून आठवतो. "रिकामा?" तू डब्यात वाकून बघितलंस, जणू काही तळाशी चिकटलं असेल. "तिच्या घरात साखरसुद्धा नव्हती का चिमूटभर?"

मी समजावलं की इथे भांडं स्वच्छ करून परत देणं म्हणजेच चांगुलपणा. तुला ते पटलं नाही, पण राग म्हणावा असाही आला नाही, तुला तिची काळजी वाटली. तू त्याच डब्यात शंकरपाळे भरून पुन्हा ठेवून आलीस. डबा पुन्हा रिकामा आला. तू लाडू पाठवलेस. मग एकदा रोझाने गेटवर तुला गाठलं आणि डोळे बारीक करून विचारलं, "व्हाय यू सेंड, सेंड, सेंड?" तू तिला डबा उघडून दाखवलास, आत बोट फिरवलंस आणि म्हणालीस, "एम्प्टी, नो. नेव्हर." त्यानंतर डबा कधी रिकामा आला नाही. कधी लिंबं, कधी पालकाची जुडी, कधी बडीशेपेचा वास येणारी कडक बिस्किटं, जी तू चहात बुडवून खायचीस आणि आम्हाला द्यायची नाहीस.

तर जुनं कार्ड हवं होतं. आम्ही हात टेकले तेव्हा तू कॅमेरा घेऊन समोर गेलीस. मी खिडकीतून बघत होते. तुम्ही दोघी तिच्या कुंपणाच्या अलीकडे पलीकडे, मध्ये सरकारने सांगितलेलं अंतर. तू कॅमेऱ्याचं खालचं झाकण उघडून तिला ती रिकामी खाच दाखवलीस.

"कार्ड," तू म्हणालीस. "न्यू, नो. बिग, नो. ओल्ड, स्मॉल."

"ओल्ड, स्मॉल," रोझा म्हणाली. "लाइक अस."

ती आत गेली आणि अँजेलोचा कॅमेरा घेऊन आली. तुझ्याच वयाचा, म्हणजे तुझ्या कॅमेऱ्याच्या. तो बंद पडला होता असं तिला वाटत होतं, पण त्यातलं कार्ड तिने नखाने दाबून काढलं आणि कुंपणाच्या खांबावर ठेवलं. तू तिथेच रुमालातून सेल काढलेस. कार्ड टक्क करून बसलं आणि कॅमेऱ्याने हूं की चूं केलं नाही. पडद्यावर आला एक फ्लॉवर. त्याच्या शेजारी मातीत एक गोल कापडी टोपी. पुढचा फोटो, दुसरा फ्लॉवर, शेजारी तीच टोपी. त्याच्या पुढचाही तसाच. अर्धं कार्ड फ्लॉवर आणि टोपीने भरलेलं. फ्लॉवर केवढा झालाय ते बघणाऱ्याला कळावं म्हणून अँजेलो स्वतःची टोपी शेजारी ठेवायचा, रोझाने सांगितलं. मग खांदे उडवून म्हणाली, "माय सन, ही कॉपी एव्हरीथिंग. यू वाइप. नो वरीज."

"नो वाइप," तू म्हणालीस.

तू घरी आल्यावर निखिलने हिशोबीपणाने विचारलं की आता लोकांचे फ्लॉवरही जपायचे का. तू सेल रुमालात गुंडाळायला घेतलेस. रिया तुझ्या बाजूने होती. "दे आर हिज कॉलिफ्लॉवर्स, बाबा," ती म्हणाली आणि विषय संपला.

मावशी, त्या उरलेल्या अर्ध्या कार्डावर तू किती मजा केलीस. दिवसाला तासभरच बाहेर पडायची परवानगी, तीही घरापासून थोडक्या अंतरात, तर आपण त्या तासासाठी सकाळपासून नटायचो. तुझी साडी, त्यावर माझं जॅकेट, पायात रियाच्या शाळेच्या बुटांसारखे बूट, गळ्यात पिशवी. नदीकाठी काकाकुव्यांचा थवा उतरला की तू सेल घालेपर्यंत तो उडून जायचा. तुझ्याकडे रिकाम्या झाडांचे केवढे तरी फोटो होते आणि प्रत्येकाखाली, "इथे काकाकुवा होता" असं तू तोंडी सांगायचीस. रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाला तू खुशाल थांबवायचीस. "वन मिनिट, सेल." आणि तो उभा राहायचा, कुत्रा बांधलेला पट्टा हातात धरून, कारण त्या दिवसांत कुणी कुणाला थांबवतच नव्हतं.

आणि मला एक गोष्ट तुला कधीच सांगता आली नाही. ते वर्ष सगळ्या जगाला वाईट गेलं. मला फार सुखाचं गेलं. बेडरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी हॉस्पिटलच्या पगारांचं काम करायचे आणि भिंतीपलीकडून फोडणीचा आवाज यायचा. आई गेल्यावर घरात दुसऱ्या कुणी केलेल्या फोडणीचा आवाज मी ऐकला नव्हता. तू अडकून पडली होतीस, तुला तुझं घर हवं होतं, मंगेशदादाची काळजी होती, गोळ्या संपत आल्या होत्या, आणि मी देवाला मनातल्या मनात सांगत होते की विमानं एवढ्यात नकोत. तुला भीती वाटत होती का, हे मी विचारलं नाही. वाटत असणार. तू मेथी पेरत राहिलीस.

ऑक्टोबर संपता संपता एका विशेष विमानात जागा मिळाली. बांधाबांध सुरू झाली आणि तेव्हा तू ते केलंस. कॅमेऱ्यातून अँजेलोचं कार्ड काढलंस, आईचं जुनं कार्ड पुन्हा घातलंस, आणि अँजेलोचं कार्ड कागदात गुंडाळून स्टीलच्या डब्यात चकल्यांवर ठेवलंस. रोझाला परत द्यायला.

मी जाम चिडले. "अगं मावशी, चालणारं ते एकच कार्ड आहे. तिच्या काही उपयोगाचं नाही, तिचा कॅमेरा बंद आहे. ती तर पुसून टाक म्हणाली होती. तू पुण्याला जाऊन काय करशील?"

"तिचं आहे ते."

"पण चालणारं तेवढं एकच आहे."

"चालणारं आहे म्हणूनच देतेय," तू म्हणालीस. "न चालणारं कुणी कुणाला देतं का?"

"निदान मला त्यातले फोटो तरी घेऊ दे लॅपटॉपवर."

"त्यात काय आहे? रोझा आहे, रस्ता आहे, झाडं आहेत. तुम्ही सगळे मला पाठ आहात. तिला बघू देत." आणि डब्याचं झाकण लावलंस.

मला त्या वेळी मीटिंग होती. मी दार जरा जोरातच लावून घेतलं. मीटिंगमध्ये पलीकडून हसण्याचा आवाज येत होता, रस्त्यापलीकडून, दोन बायकांचा, बराच वेळ. त्या संध्याकाळी टीव्हीचा रिमोट चालेना, आतले सेलच गायब. मी रियाला ओरडले. तिने शपथ घेतली, "आय डिडन्ट टच इट." तू कोपऱ्यात मान खाली घालून मटार सोलत होतीस.

इथपर्यंत लिहून झालं होतं, मावशी, आणि दारावर टकटक झाली. आता मध्ये दोन दिवस गेले आहेत, आणि पुढचं ऐकलंस तर तुला फार आवडेल.

दारात डबा होता. रोझा मास्क लावून मागे ड्राइव्हवेवर उभी होती, आम्ही पुन्हा लॉकडाऊनमध्येच आहोत. तू गेल्याचं मी तिला त्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा ती वाफ्यापाशी जाऊन उभी राहिली होती. या वेळी डब्याकडे बोट दाखवून म्हणाली, "युअर आंटी, शी गिव्ह मी डब्बा विथ पिक्चर्स. लाँग टाइम आय कीप. सॉरी." मग दोन्ही हात हवेत उडवून, "नॉट एम्प्टी."

झाकण उघडलं. वर ती बडीशेपेची बिस्किटं, आणि बिस्किटांवर कागदाच्या घडीत अँजेलोचं कार्ड.

निखिलने ते लॅपटॉपला लावलं. आधी फ्लॉवर आणि टोपी, फ्लॉवर आणि टोपी. मग तुझे फोटो. रोझा, रस्ता, कुत्रा धरलेला माणूस, रिकामी झाडं, रिया, मी मीटिंगमध्ये तोंड वाकडं करून, निखिल भांडी घासताना. सगळ्यांचे चेहरे वैतागलेले. आणि शेवटी आणखी फोटो, जे तू काढलेले नव्हतेस, कारण त्यात तू होतीस.

पहिल्यात रोझाचा अंगठा आहे आणि अंगठ्याच्या मागे तुझा कान. दुसरा आभाळाचा. तिसऱ्यात तू पूर्ण आहेस. रोझाच्या वाफ्यात उभी, निळी साडी, माझं जॅकेट, हातात त्या मोसमातला शेवटचा फ्लॉवर, तान्ह्या बाळाला धरावं तसा. आणि डोक्यावर अँजेलोची टोपी. तू हसते आहेस, मावशी. दात दिसतायत सगळे, त्यातला तो सोन्याचा सुद्धा. कुणाला तरी सांगत असावीस की लवकर काढ, आणि ती कुणीतरी वेळ लावत असावी, पण तू वैतागलेली नाहीस.

मी धावत रस्ता ओलांडला. अँजेलोचा कॅमेरा बंद नव्हताच, रोझा म्हणाली, नुसते सेल संपले होते. तू जायच्या आदल्या दिवशी दोन सेल घेऊन आलीस, तिचंच कार्ड तिच्याच कॅमेऱ्यात घातलंस आणि तिला बटण कुठलं ते दाखवलंस. मग ती म्हणाली, आता फोटो कशाचा काढू, आणि तू खुंटीवरची टोपी घेतलीस. "आय से, व्हाय हॅट? शी से, फॉर साइज."

मी फुटपाथवर मास्कच्या आत हसत हसत रडले. रिमोटचे सेल कुठे गेले ते तर कळलंच. रियाची माफी मागितली, तिने ती "फाइनली" असं म्हणून स्वीकारली.

फोटो मंगेशदादाला पाठवला. निळ्या खुणा उमटल्या. मग फोन आला. "मीनू, ही टोपी कुणाची?" मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हाच लावू या." म्हटलं, लोक काय म्हणतील? तर म्हणे, "म्हणू देत. आई अशीच होती. नाही तर आधार कार्ड आहेच."

तो गल्लीतल्या स्टुडिओत गेला. स्टुडिओवाल्या काकांनी फोटो बघितला आणि नेहमीच्या सवयीने विचारलं, "टोपी काढून टाकू? फ्लॉवरच्या जागी हात जोडलेले करून देतो. मागे निळं आभाळ." दादा म्हणाला, आभाळ चालेल, बाकी कशाला हात लावायचा नाही. काका पुन्हा म्हणाले, "अहो, हार घालायचाय ना फोटोला?" दादा म्हणाला, "टोपीवरून घालू." तेराव्याला येतील ते सगळे तुझ्या पाया पडतील, मावशी, आणि तू फ्लॉवर घेऊन त्यांच्याकडे बघून हसत असशील.

मला यायला मिळत नाहीये. विमानं अजून आमच्यासाठी नाहीत. देवाने माझी ती मागच्या वर्षीची प्रार्थना जरा जास्तच मनावर घेतली. पण इथेही एक प्रत काढली आहे, ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवली आहे, त्याच जागी.

आज सकाळी नारळाच्या वड्या केल्या. तुझा स्टीलचा डबा घासून, पुसून, भरला. फोटो सगळे लॅपटॉपवर घेतले आहेत, एकही पुसलेला नाही. रोझाच्या कॅमेऱ्यात आता नवे सेल आहेत, तिचे वाफे भरले आहेत आणि पुढच्या आठवड्यात पहिला मोठा फ्लॉवर निघेल असं ती म्हणतेय. मी कार्ड कागदात गुंडाळलं आणि वड्यांवर ठेवलं.

निखिल ओट्याशी उभा राहून बघत होता. "अगं, तेच परत देतेस? त्यात मावशी आहेत. आणि चालणारं ते एकच कार्ड आहे."

"म्हणूनच देतेय," मी म्हटलं, आणि झाकण लावलं.

वड्या जरा मऊ राहिल्यात, मावशी. पाक कच्चा उतरला. तू असतीस तर खाल्ल्या असत्यास आणि बोललीही असतीस.